दिव्याच्या पैशावर धांवणारी बस
(नभोवाणीवरील भाषण)



मुंबईच्या रस्त्यावर जें लाल रंगाचें वाहन आपण रोज पाहतों त्याच्या अंगावर 'बेस्ट' हीं अक्षरें रंगविलेलीं असतात. इंग्रजी जाणणाऱ्याला त्या शब्दाचा 'सर्वोत्तम' हा अर्थ चटकन् आठवतो, आणि थांब्यावर अर्धा तास उभें राहिल्यावर त्यावर विनोद करण्याचा मोह कोणासच आवरत नाहीं. पण तो शब्द म्हणजे एका लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें आहेत, आणि त्या नांवांत वाहतुकीच्या आधीं विजेचा उल्लेख येतो. दिवा लावणें आणि माणसें वाहून नेणें हीं दोन कामें एकाच घरांत कां नांदलीं, त्यांनीं एकमेकांस कसा हात दिला, आणि त्यांचे हिशेब वेगळे करण्याची वेळ आल्यावर बसगाडीचें काय झालें, हें मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. विषय पैशाचा आहे, त्यामुळें तो थोडा रुक्ष वाटेल. पण ज्या घरांत दर महिन्याला विजेचें बिल येतें आणि ज्या घरांतलें कोणी ना कोणी सकाळीं बसच्या थांब्यावर उभें असतें, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत हा हिशेब येऊन पोहोंचतो.

प्रथम थोडें मागें जावें लागेल. मुंबईंत घोड्यांची ट्राम चालवावी ही कल्पना १८६५ सालीं एका अमेरिकन कंपनीनें मांडली. तिला परवानाही मिळाला. पण त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, मुंबईंतील पेढ्या बुडाल्या, आणि ती योजना कागदावरच राहिली. पुढें १८७३ सालीं बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ सालीं त्यासाठीं कायदा करण्यांत आला, आणि ९ मे १८७४ रोजीं कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत व बोरीबंदरापासून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत अशा दोन मार्गांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या. भाडें तीन आणे होतें. तिकीट म्हणून कांहीं नव्हतेंच. पैसे हातावर ठेवले कीं झालें. ह्या विश्वासाचा कांहीं लोकांनीं पुरेपूर उपयोग करून घेतला, आणि फुकट्या उतारूंना आळा घालण्यासाठीं त्याच वर्षीं कंपनीला तिकिटें काढणें भाग पडलें. फुकट्या उतारू हा मुंबईच्या वाहतुकीइतकाच जुना आहे तो असा. भाडेंही लवकरच दोन आण्यांवर आलें. कंपनीच्या तबेल्यांत पुढें नऊशें घोडे होते असें सांगतात.

ह्या नऊशें घोड्यांकडे क्षणभर हिशेबाच्या दृष्टीनें पाहावें. घोडा गाडी ओढो वा न ओढो, त्याला चंदी लागते, मोतद्दार लागतो, तबेल्याला जागा लागते. गाडींत चार माणसें बसलीं काय आणि चाळीस बसलीं काय, घोड्याची चंदी तेवढीच. वाहतुकीच्या धंद्याचें सारें मर्म ह्यांत आहे. खर्च होतो तो गाडी रस्त्यावर ठेवण्याचा. उतारू किती आले ह्यावर तो फारसा अवलंबून नसतो. सकाळीं नऊ वाजतां जितक्या गाड्या लागतात तितक्या दुपारीं दोन वाजतां लागत नाहींत. पण सकाळच्या गर्दीसाठीं त्या विकत घ्याव्या लागतात, त्यांच्यावर माणसें नेमावीं लागतात, आणि दुपारीं त्या अर्ध्या रिकाम्या फिरल्या तरी पगार चुकत नाहीं. घोडे गेले, वीज आली, मग तेल आलें, आतां पुनः वीज आली आहे. ह्या मर्मांत मात्र फरक पडलेला नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं घोड्यांचे दिवस संपले. १९०५ सालीं 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' पुढें आली. तिनें ट्रामचा धंदा हातीं घेतला, वाडीबंदर येथें वीजकेंद्र उभारलें, आणि ७ मे १९०७ रोजीं मुंबईंत विजेची ट्राम सुरू झाली. येथें एक प्रश्न सहज मनांत येतो. ट्राम चालविणाऱ्या कंपनीनें घरोघर दिवे पुरविण्याच्या भानगडींत कशाला पडावें? ह्याचें उत्तर वीजकेंद्राच्या स्वभावांत आहे. वीज साठवून ठेवणें अवघड. यंत्र उभारलें कीं त्याला दिवसभर काम हवें. ट्रामची गर्दी सकाळीं व सायंकाळीं. दिव्यांची गरज दिवस मावळल्यावर. कारखान्यांची आणि पंख्यांची मधल्या वेळीं. एकाच यंत्रानें हीं सगळीं गिऱ्हाइकें संभाळलीं तर प्रत्येकाला वीज स्वस्त पडते. म्हणून त्या काळीं जगांतील अनेक शहरांत ट्राम आणि वीज एकाच कंपनीच्या हातीं असत. पुढें १९१६ पासून टाटांच्या जलविद्युत्-केंद्रांतली वीज मिळूं लागली आणि कंपनीला स्वतः वीज निर्माण करण्याची गरज उरली नाहीं. तरीही दोन्ही धंदे एकाच छपराखालीं राहिले.

१५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ह्या मार्गावर पहिली बस निघाली. आरंभीं बस म्हणजे बऱ्या स्थितींतल्या मध्यमवर्गाचें वाहन अशीच समजूत होती. गिरणी-कामगार आणि हातगाडीवाला ट्रामनें जात. १९३४ सालीं सरकार आणि म्युनिसिपालिटी ह्यांच्या आग्रहावरून शहराच्या उत्तर भागांत बस गेली, १९३७ सालीं दुमजली बस आली, आणि १९४० सालीं कुलाबा ते माहीम अशी मोजक्याच थांब्यांवर थांबणारी 'लिमिटेड' बस सुरू झाली.

१९०५ सालच्या करारांतच एक दूरदृष्टीचें कलम होतें. कंपनी विकत घेण्याचा हक्क म्युनिसिपालिटीनें राखून ठेवलेला होता. त्या कराराला बरोबर बेचाळीस वर्षें झालीं त्या दिवशीं, म्हणजे ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, हा सगळा कारभार म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत आला. स्वातंत्र्याला अजून आठ दिवस होते. त्या वेळीं सुमारें अडीचशें बसगाड्या तेवीस मार्गांवर धांवत होत्या. कंपनीच्या भागीदारांना नफा द्यावयाचा नाहीं म्हटल्यावर विजेच्या धंद्यांत उरणारा पैसा जाणार कोठें? तो बसकडे गेला. हा निर्णय कोणीं एका दिवशीं मोठ्या गाजावाजानें घेतला असें नाहीं. एकाच संस्थेच्या एका खिशांत पैसे उरत होते आणि दुसरा खिसा फाटका होता. संस्थेनें जें कोणतेंही घर करील तेंच केलें. दिव्यानें बस चालविली.

ह्या व्यवस्थेचें सामर्थ्य आपण ओळखलें पाहिजे. बसचें भाडें वाढवावयाचें म्हटलें कीं मोर्चे निघतात, सभा होतात, वर्तमानपत्रें पेटून उठतात. विजेच्या दरांतला थोडासा भाग बसकडे वळविला तर फारसें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. शिवाय ज्याच्या घरीं अधिक दिवे तो अधिक पैसे देई, आणि ज्याच्या घरीं मोटार नाहीं त्याला बस मिळे. कर म्हणून पाहिलें तर हा वाईट कर नव्हता. त्याच्याच आधारावर बसगाड्यांची संख्या दशकामागून दशक वाढत गेली. उपनगरें मुंबईला जोडलीं गेलीं तशी बसही त्यांच्यामागून गेली. ठाणें, नवी मुंबई, मीरा-भाईंदर येथपर्यंत लाल गाडी पोहोंचली. तिच्या ऐन भराच्या काळीं चार हजारांहून अधिक गाड्या आणि दिवसाला चाळीस लाखांच्या वर उतारू अशी ह्या संस्थेची ख्याति होती. हिंदुस्थानांतील दुसऱ्या शहरांतून आलेला पाहुणा येथें लोक रांग लावून बसमध्यें चढतात हें पाहून चकित होई, हें आपल्यापैकीं अनेकांना ठाऊक असेल.

मधल्या काळांत ट्राम मात्र गेली. ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धांवली. तिच्या निरोपाला लोकांनीं गर्दी केली, असा आपला रिवाजच आहे. जी गोष्ट आपण जाऊं देतों तिला निरोप मात्र थाटाचा देतों. ट्राम संथ होती, रस्त्याच्या मधोमध चाले, आणि मोटारींना तिची अडचण होई, असें तिच्या विरुद्ध सांगण्यांत येत असे. मोटारींना तिची अडचण होई कीं तिला मोटारींची, हा प्रश्न त्या वेळीं फारसा कोणीं विचारलेला दिसत नाहीं. १९६२ सालीं तारेवर चालणारी ट्रॉलीबस आणून पाहिली. तीही १९७१ सालीं बंद झाली. ट्रामचें नांव आतां दादरच्या 'टी. टी.' ह्या दोन अक्षरांत उरलें आहे. ट्राम टर्मिनस हा त्याचा अर्थ तेथें रोज उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

येथें आगगाडीसंबंधानें दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मुंबईची वाहतूक म्हटली कीं डोळ्यांपुढें प्रथम लोकल येते. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी सर्वांना पाठ आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी सुटली, हें त्या मानानें कमी लोकांना माहीत असतें. मुंबईच्या आजच्या विस्ताराचा खरा आरंभ त्या दुसऱ्या तारखेपासून धरावा असें मला वाटतें. लोकलचा मासिक पास हा जगांतील स्वस्तांत स्वस्त प्रवासांपैकीं एक असेल. तोही एक प्रकारें दुसऱ्याच्याच पैशावर चालतो. मालगाडीचें उत्पन्न उतारूंच्या गाडीची तूट भरून काढतें हें रेल्वेचें जुनें सूत्र आहे. स्वस्त पासाची किंमत मात्र आपण दुसऱ्या नाण्यांत मोजतों. एक चौरस मीटर जागेंत चौदा ते सोळा माणसें उभीं राहतात अशा गर्दीला रेल्वेच्या परिभाषेंत स्वतंत्र नांव द्यावें लागलें आहे. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे उतारू गाडींतून खालीं पडून प्राणांस मुकले, त्याचें मूळ त्या गर्दींत होतें.

आतां मूळ विषयाकडे येतों. दिव्यानें बस चालविण्याची व्यवस्था मोडली कशी? २००३ सालीं देशांत विजेचा नवा कायदा झाला. विजेचे दर नियामक आयोगानें ठरवावेत, आणि ग्राहकाकडून विजेचा वाजवी खर्च तेवढाच घ्यावा, असा त्याचा रोख. ह्यांत तत्त्वतः चूक काढतां येणार नाहीं. मग वाहतुकीची तूट वीजग्राहकाच्या बिलांतून वसूल करतां येईल काय, हा वाद आयोगापुढें आणि न्यायासनांपुढें गेला आणि अनेक वर्षें चालला. काय चालेल आणि किती दिवस चालेल ह्याची शाश्वती गेली. जुना आधार डळमळूं लागला, आणि त्याच्या जागीं नवा आधार कोणीं उभा केला नाहीं. वाद वीज खात्याच्या नफ्यासंबंधानें होता. त्याची शिक्षा थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला झाली.

वीजग्राहकाची बाजूही ऐकली पाहिजे. बेस्टची वीज कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत, म्हणजे जुन्या मुंबई बेटांतच मिळते. सुमारें दहा लाख ग्राहक. बस मात्र बोरिवली-मुलुंडपर्यंत आणि त्याहीपलीकडे जाते. गिरगांवांतील पेन्शनरानें आपल्या पंख्याच्या बिलांतून मालाडच्या बसचा खर्च कां भरावा, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो सकृद्दर्शनीं बिनतोड आहे. पण जरा पुढें विचार करून पाहूं. बेटांतली वीज केवळ पेन्शनराच्या पंख्याला जात नाहीं. ती फोर्टांतल्या बँकांना, नरीमन पॉइंटच्या कचेऱ्यांना, दुकानांना आणि हॉटेलांनाही जाते. त्या कचेऱ्यांतले दिवे सकाळीं लागतात ते कोणामुळें? मालाड-मुलुंडहून जो कारकून निघाला तो वेळेवर पोहोंचला म्हणून. तो पोहोंचला नाहीं तर त्या कचेरीचें भाडें, तिचा व्यवहार आणि तिच्या इमारतीची किंमत, सारेंच खालीं येईल. जो माणूस बसमध्यें बसतो त्याला बसचा लाभ होतो हें खरें. पण जो त्याची वाट पाहत कचेरींत बसला आहे त्यालाही तेवढाच लाभ होतो, आणि तो तिकीट काढीत नाहीं.

फ्रेंच लोकांनीं हें ओळखलें. १९७१ सालीं पॅरिसच्या परिसरांत असा कायदा करण्यांत आला कीं, नऊहून अधिक नोकर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकानें पगाराच्या प्रमाणांत वाहतुकीसाठीं एक रक्कम द्यावी. पुढें दुसऱ्या शहरांनींही तोच मार्ग धरला. लंडननें दुसरी वाट काढली. १७ फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागीं मोटार घेऊन येणाऱ्यावर आकार बसविला, आणि त्याचें उत्पन्न वाहतुकीवरच खर्च झालें पाहिजे असें कायद्यानें बांधून घेतलें. दोन्ही ठिकाणीं विचार एकच: तिकिटांतून सगळा खर्च निघणार नाहीं, तेव्हां दुसरा कोण लाभ घेतो तें पाहून त्याच्याकडे हात पसरावा. मुंबईंत दिव्याच्या पैशानें हेंच काम अजाणतां होत होतें. आपण तें गमावलें, आणि दुसरें कांहीं शोधलें नाहीं. उलट कित्येक वर्षें बसच्या तिकिटांतूनच उतारू-कर आणि बालपोषणाचा अधिभार राज्य सरकारकडे जात राहिला. कुपोषित बालकांसाठीं पैसा हवा हें कोण नाकारील? पण तो बसच्या उतारूकडूनच कां, हें कोडें मला आजवर उलगडलेलें नाहीं.

मग जें व्हावयाचें तें होत गेलें. तूट वाढली, कर्ज वाढलें. वातानुकूलित बसगाड्यांचा एक महागडा प्रयोग झाला आणि २०१७ च्या एप्रिलांत गुंडाळावा लागला. जुन्या गाड्या वयोमानानें मोडींत निघाल्या आणि त्यांच्या जागीं तितक्या नव्या आल्या नाहींत. २०१९ च्या जानेवारींत कामगारांचा संप नऊ दिवस चालला. त्याच वर्षीं महानगरपालिकेनें पैशाची मदत देऊं केली, पण नव्या गाड्या स्वतः विकत न घेतां ठेकेदारांकडून भाड्यानें घ्याव्या असा आग्रह धरला. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, दुरुस्ती ठेकेदाराची. बेस्टनें त्याला किलोमीटरमागें ठराविक पैसे द्यावयाचे आणि तिकिटाचें उत्पन्न आपण घ्यावयाचें. आणि ९ जुलै २०१९ रोजीं किमान भाडें आठ रुपयांवरून पांच रुपयांवर आणलें.

पांच रुपयांत पांच किलोमीटर! लोक परत आले. उतारूंची संख्या झपाट्यानें वाढली, आणि रिक्षा व शेअर टॅक्सी ह्यांच्याकडे गेलेलें गिऱ्हाईक स्वस्ताईनें परत मिळवितां येतें हें सिद्ध झालें. मी ह्या निर्णयाचा टीकाकार नाहीं. पण त्याच्यामागें पैशाची दुसरी वाट तयार असावयास हवी होती, ती नव्हती. तिकिटाचें उत्पन्न घटणार हें ठाऊक असतां उरलेला खर्च दरवर्षीं महानगरपालिकेच्या दारीं जाऊन मागावयाचा, अशी व्यवस्था राहिली. ठेक्याचा दर आणि प्रत्यक्ष खर्च ह्यांचा मेळ बसेना तेव्हां कांहीं ठेकेदारांनीं मुदतीच्या आधींच काम सोडलें, आणि त्यांच्या गाड्या रातोरात रस्त्यावरून नाहींशा झाल्या. २०२३ च्या ऑगस्टांत ठेक्याच्या ड्रायव्हरांनीं संप केला. एकाच लाल रंगाची गाडी चालवितों, मग पगारांत एवढें अंतर कां, ही त्यांची तक्रार. २०२४ च्या डिसेंबरांत कुर्ला येथें ठेक्याची एक विजेची बस गर्दींत घुसून माणसें मेलीं, तेव्हां नव्या वाहनावर ड्रायव्हरला किती दिवस शिकविलें होतें हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं आला.

दुमजली बसची कथा आपणांस ठाऊक आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं अंधेरींत आगरकर चौक ते सीप्झ ह्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर जुन्या पद्धतीची शेवटची दुमजली गाडी धांवली. विजेवर चालणाऱ्या नव्या, थंडगार दुमजली गाड्या त्याआधीं फेब्रुवारींत आल्या होत्या. निरोपाला पुष्पहार होते, छायाचित्रें होतीं. वरच्या मजल्यावरील पुढच्या खिडकींतल्या वाऱ्याबद्दल पुष्कळ लिहून आलें. त्या दिवशीं शहरांत एकूण गाड्या किती उरल्या होत्या ह्याबद्दल त्या मानानें फारच थोडें आलें. २०२५ सालीं तो आंकडा तीन हजारांच्याही खालीं गेला होता, आणि त्यांत बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या अगदीं थोड्या होत्या. त्याच वर्षीं ९ मे रोजीं किमान भाडें पांचाचें दहा रुपये झालें, वातानुकूलित गाडीचें सहाचें बारा.

भाडें दुप्पट झालें म्हणून रोष झाला, आणि तो साहजिक होता. पण माझ्या मतें बसच्या प्रवासाची मोठी किंमत तिकिटावर छापलेली नसते. ती थांब्यावर मोजली जाते. दहा मिनिटांनीं येणारी बस अर्ध्या तासानें येऊं लागली कीं उतारूचे रोजचे पाऊण तास जातात. ज्या बाईला सकाळीं मुलाला शाळेंत पोहोंचवून मग कामावर जावयाचें असतें तिला पांच रुपयांची पण न येणारी बस काय कामाची? ती रिक्षाला तीस-चाळीस रुपये देते. गरिबासाठीं म्हणून स्वस्त ठेवलेली बस गरिबाला असा चोरटा दंड करीत असते.

आणि बस येत नाहीं ह्याचें कारण केवळ गाड्यांची टंचाई एवढेंच नाहीं. एक साधें गणित पाहावें. समजा, एका मार्गावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास चाळीस मिनिटें लागतात. आठ तासांच्या पाळींत, विश्रांति सोडून देऊं, गाडी बारा खेपा करील. रस्ता मोटारींनीं भरला आणि त्याच अंतराला ऐंशीं मिनिटें लागूं लागलीं, तर खेपा सहाच होतील. ड्रायव्हरचा पगार तोच, कंडक्टरचा पगार तोच, गाडीच्या कर्जाचें व्याज तेंच. काम मात्र निम्मे. पूर्वीइतक्याच खेपा हव्या असतील तर दुप्पट गाड्या आणि दुप्पट माणसें हवींत. म्हणजे बेस्टच्या ताळेबंदांत जी तूट दिसते तिच्यांतला मोठा भाग हा रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींचा खर्च आहे. तो लिहिला मात्र बसच्या नांवावर जातो. बेस्टला तोटा होतो असें आपण म्हणतों. मुंबईच्या रस्त्याला तोटा होतो आणि तो बेस्टच्या वहींत मांडला जातो, असें म्हणणें अधिक बरोबर होईल. म्हणून बससाठीं रस्त्याची एक बाजू राखून ठेवणें हा तिला पैसा देण्याचाच एक मार्ग आहे, आणि त्याला लागतो तो रंग आणि शिपाई.

ह्याच काळांत शहरानें दुसरीकडे पैसा खर्च केला नाहीं असें नाहीं. मरीन ड्राइव्हपासून वरळीकडे जाणारा समुद्रकांठचा रस्ता महानगरपालिकेनें बांधला. २०२४ च्या मार्चांत त्याचा पहिला भाग खुला झाला, आणि त्याचा खर्च तेरा हजार कोटींहून अधिक आहे. कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रो, साडेतेहतीस किलोमीटर लांबीची, मुख्यतः जपानकडून मिळालेल्या कर्जावर उभी राहिली. तिचा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता, तो सदतीस हजार कोटींच्या वर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्यें ती कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. मेट्रो हवी, ती झाली हें उत्तम झालें. पण मेट्रोच्या स्टेशनापासून घरापर्यंत कसें जावयाचें? तेथें बसच लागते. समुद्रकांठच्या रस्त्याबद्दल मात्र माझें मत वेगळें आहे. महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, आणि त्यांत बेस्टसाठीं १,००० कोटी ठेवले होते. मोटारीसाठीं रस्ता बांधला कीं त्याला भांडवली खर्च म्हणतात आणि फीत कापतात. बससाठीं पैसा दिला कीं त्याला अनुदान म्हणतात आणि भुंवया उंचावतात. त्या रस्त्यानें किती नफा झाला, असा प्रश्न विचारलेला मीं ऐकला नाहीं.

त्यांतून मार्च २०२२ मध्यें नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढें जवळजवळ चार वर्षें महानगरपालिकेचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींवांचून चालला. बस समितीच्या सभेंत आपल्या वॉर्डाचा बंद झालेला मार्ग पुनः सुरू करा म्हणून भांडणारा सभासदच उरला नाहीं. अशा सभासदांच्या भांडणांना आपण पुष्कळदां हंसतों. पण मार्ग बंद करण्यापूर्वीं एखादा तरी माणूस आडवा येई.

आतां पैसा आणावा कोठून? माझ्या मतें बेस्टला दरवर्षीं याचना करावी लागूं नये. महानगरपालिकेच्या उत्पन्नांतला एक ठराविक हिस्सा, अमुक शेंकडा, कायद्यानें तिच्या नांवें असावा. वर्ष कसेंही जावो, तो मिळालाच पाहिजे. म्हणजे गाड्यांची खरेदी पांच-सहा वर्षांचा विचार करून करतां येईल. घर खरेदी करणाराकडून मुद्रांकशुल्काबरोबर घराच्या किमतीवर एक टक्का अधिभार मेट्रोसारख्या कामांसाठीं २०२२ पासून घेतला जातो. त्यांतला थोडा वांटा बसला कां नसावा? रस्त्यावर रात्रंदिवस फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीकडून जागेचें भाडें कां घेऊं नये? मुंबईंत माणसाला झोपावयाला जेवढी जागा मिळत नाहीं तेवढी जागा एक मोटार अडवून बसते, आणि तिच्याकडे भाडें मागितलें कीं आपल्या सुशिक्षित वस्त्यांतून ओरड उठते. ही ओरड कोण करतो हें मीं आपणांस सांगावयास नको. आपल्यापैकींच पुष्कळ जण करतात.

एक गोष्ट मात्र करूं नये असें मला निक्षून वाटतें. ती जागेसंबंधानें आहे. बेस्टकडे शहरभर आगारें आहेत, आणि मुंबईच्या जमिनीचा भाव पाहतां तीं सोन्याचीं आहेत. तूट भरून काढण्यासाठीं कांहीं आगारांच्या जागा इमारती बांधण्यास यापूर्वीं देण्यांत आल्या. त्यांपैकीं कांहीं व्यवहारांतलें येणें वर्षानुवर्षें पुरतें वसूल झालें नाहीं. पुनः तीच वाट सुचविली जात आहे. आगाराच्या वर इमारत चढवावी आणि खालीं बस ठेवावी, ह्याला माझा विरोध नाहीं; तसें करतां येईल. पण गाडी रात्रीं उभी कोठें राहते, तिची धुलाई कोठें होते, विजेच्या गाड्यांना वीज कोठें भरावयाची, हें आधीं ठरलें पाहिजे. विजेची बस तेल घेऊन पांच मिनिटांत निघत नाहीं. तिला आगारांत तासन्‌तास उभें राहावें लागतें. म्हणजे पूर्वींपेक्षां आतां आगाराची जागा अधिक लागणार आहे, कमी नाहीं. दादरचें आगार विकून गाडी रात्रीं दहिसरला ठेवावयाची म्हटली, तर ती पहांटे रिकामी दादरला येईल आणि मध्यरात्रीं रिकामी परत जाईल, आणि त्या रिकाम्या किलोमीटरांचेंही पैसे ठेकेदाराला मोजावे लागतील. एकदां पैसे घेऊन दिलेली जागा पुनः विकत घेण्याची ऐपत ह्या संस्थेला कधींही येणार नाहीं. ह्या व्यवहारांचे ठराव महानगरपालिकेपुढें येतात तेव्हां ते सार्वजनिक असतात. ते मागवून वाचावेत, आणि त्यांत गाड्या रात्रीं कोठें उभ्या राहतील ह्याचा खुलासा आहे कीं नाहीं तेवढें तरी पाहावें.